रिकाम्या पोटी दौड नको

वाचकाचं पत्र

डॉक्टर, नमस्कार. मी वरळीत राहतो, वय २९. माझे बाबा ३५ वर्षं महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सईस (घोड्यांची देखभाल करणारे) होते, आता घरी असतात. रेसमधून निवृत्त झालेला सात वर्षांचा एक घोडा दोन महिन्यांपासून माझ्या ताब्यात आहे. मालक दुसरे आहेत, पण देखभाल आणि शिकवणं माझ्याकडे. उडीच्या स्पर्धांसाठी त्याला तयार करतोय. आम्ही त्याला तांबड्या म्हणतो. वजन साधारण ४५० किलो. दिवसाला पाच किलो दाणा (ओट, सातू, थोडा हरभरा) तीन वेळांत देतो आणि पाच किलो वाळलं गवत. शेवटचं गवत संध्याकाळी सहाला. काम पहाटे साडेपाचला, आठवड्यातून सहा दिवस.

तीन आठवड्यांपासून तो तोबऱ्यात दाणा शिल्लक ठेवतो. खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे पाडून चावायला येतो. दोनदा कामानंतर पोटाकडे वळून वळून बघत होता. आमच्याच तबेल्यातल्या एका घोडीला अल्सर निघाला, म्हणून भीती वाटते. बाबा म्हणतात, काम रिकाम्या पोटीच करून घ्यायचं. कुणी सांगतं माणसांच्या ॲसिडिटीच्या कॅप्सूल फोडून दे, कुणी म्हणतं खायचा सोडा पाज. अल्सर होऊच नये म्हणून काय करू? आणि झाला असेल तर?

उत्तर

आधी तातडीचं सांगते. कामानंतर घोडा दोनदा पोटाकडे बघतो, म्हणजे पोटात दुखतंय. याच आठवड्यात घोड्यांच्या डॉक्टरांना बोलवा. आणि मधल्या काळात तो लोळू लागला, उगाच घामानं भिजला, लीद बंद झाली किंवा गवतालाही तोंड लावेना, तर आठवड्याची वाट बघू नका. खाणं समोरून काढा आणि रात्र असो की पहाट, फोन करा. घोड्याला ओकता येत नाही. पोटात जे अडलं ते वरच्या वाटेनं बाहेर पडत नाही, म्हणून त्याच्या पोटदुखीत थांबून बघणं फार महागात पडतं.

आता बाबांचं म्हणणं. रिकाम्या पोटी काम करून घ्यायचं हा नियम मी अनेक जुन्या सईसांकडून ऐकला आहे, आणि तो अनुभवातूनच आला आहे. भरपेट दाणा खाल्लेल्या घोड्याला लगेच पळवलं तर त्रास होतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. दाण्याबाबत बाबा शंभर टक्के बरोबर आहेत. कामाआधीच्या तीन-चार तासांत दाणा नको. फक्त त्या नियमात दाण्याबरोबर गवतही बंद झालं, आणि तिथे घोड्याचं नुकसान होऊ लागलं.

आपल्या पोटात आम्ल मुख्यतः जेवणाच्या वेळी सुटतं. घोड्याचं तसं नाही. त्याच्या जठरात आम्ल रात्रंदिवस सुटत राहतं, तो खात असो वा नसो. तासाला दीड लिटरपर्यंत जठररस तयार होऊ शकतो. निसर्गानं त्याला दिवसातले सोळा-सतरा तास चरणारा प्राणी म्हणून घडवलं, त्यामुळे जठरात कायम काहीतरी असणार हे त्याच्या शरीरानं गृहीतच धरलंय. त्या आम्लावर उतारा म्हणजे त्याची लाळ. लाळेत बायकार्बोनेट असतं. पण घोड्याची लाळ फक्त चावतानाच सुटते. तोंड थांबलं की लाळ थांबली, आम्ल मात्र चालूच. एक किलो वाळलं गवत संपवायला घोडा तीन हजारांहून जास्त वेळा जबडा हलवतो. एक किलो ओट हजाराच्या आसपास चावण्यांत संपतात. पोट दोन्हींनी भरतं, पण लाळ गवतानं कितीतरी जास्त मिळते.

जठराची रचनाही समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. त्याचा खालचा भाग आम्ल तयार करतो आणि स्वतःवर चिकट श्लेष्माचा लेप ठेवून स्वतःला सांभाळतो. वरचा साधारण एक तृतीयांश भाग अन्ननलिकेसारख्या पातळ अस्तराचा. त्याला तसा लेप नाही. घोडा चालत असतो तोवर आम्ल खाली राहतं. दुडकी चाल सुरू झाली की पोटाचे स्नायू आवळतात, जठर दाबलं जातं आणि आम्ल वर चढून त्या उघड्या अस्तराला लागतं. २००२ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी घोडे चालत्या पट्ट्यावर पळवून जठरातला दाब प्रत्यक्ष मोजला होता. चालीच्या वर वेग गेला की दाब वाढतो आणि घोडा त्या वेगात असेपर्यंत वाढलेलाच राहतो, असं त्यांना दिसलं. शर्यतीच्या तयारीतल्या थरोब्रेड (रेसच्या जातीच्या) घोड्यांना दुर्बिणीनं तपासलं तर दहांतल्या आठ-नऊ जणांच्या जठरात अल्सर सापडतात, त्याचं मोठं कारण हेच.

आता तांबड्याचा दिवस मांडून बघा. संध्याकाळी सहाला टाकलेलं गवत तो आठपर्यंत संपवत असेल. साडेपाचला खोगीर चढतं. म्हणजे नऊ-साडेनऊ तास जठरात नुसतं आम्ल, आणि तेच घेऊन तो उड्या मारायला निघतो. तंग आवळताना तो चावतो यात मला त्याचा खोडसाळपणा दिसत नाही. (पाठ दुखत असली किंवा खोगीर नीट बसत नसलं तरी घोडा असाच वागतो, म्हणून डॉक्टरांकडून पाठही तपासून घ्या.)

म्हणून पहिला बदल आज रात्रीपासून करा. रात्री साडेनऊ-दहाला गवताची एक जाळी लावा. जाळी बारीक भोकांची घ्या, नाही मिळाली तर दोन जाळ्या एकात एक घाला, म्हणजे गवत सावकाश संपेल. २००९ साली डेन्मार्कमध्ये २०१ घोड्यांची पाहणी झाली होती. त्यात दोन वेळच्या चाऱ्यामध्ये सहा तासांहून जास्त अंतर असणाऱ्या घोड्यांना अल्सरचा धोका बराच जास्त आढळला. सहा तासांचा हा आकडा तबेल्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवा. नुसतं काड किंवा भुस्सा हाच चारा असणं आणि बाहेर मोकळं सोडल्यावर पाणी न मिळणं, हेही त्याच पाहणीत धोक्याचं ठरलं. तुमच्या पत्रात पाण्याचा उल्लेख नाही. चोवीस तास बादली भरलेली असते ना, हे एकदा रात्री जाऊन बघा.

दुसरा बदल पहाटेचा. खोगीर चढवण्याआधी वीस-तीस मिनिटं त्याला अर्धा किलोच्या आसपास गवत किंवा लसूणघासाची कुट्टी द्या. तबेल्यात तुम्ही लूसर्न म्हणता तीच. एवढ्यानं पोट जड होत नाही. चावताना लाळ सुटते, जठरात ओल्या गवताचा थर तयार होतो आणि पळताना आम्ल वर उसळायला कमी वाव मिळतो. लसूणघासात कॅल्शियम आणि प्रथिनं जास्त असल्यानं आम्ल शोषून घेण्यात ती साध्या गवतापेक्षा सरस. पण म्हणून सगळा चारा तिचाच करू नका, एकूण चाऱ्याच्या पाव हिश्श्यापर्यंत पुरे. बाबांना सांगा की हा दाणा नाही. त्यांना पटेल असं मला वाटतं, कारण घोडा गवत चघळत असताना किती शांत उभा राहतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

तिसरी गोष्ट दाण्याची, आणि इथे मी जरा कठोर बोलणार आहे. पाच किलो गवत आणि पाच किलो दाणा हा हिशेब उलटा आहे. ४५० किलोच्या घोड्याला दिवसाला किमान आठ किलो वाळलं गवत हवं, दहा मिळालं तर उत्तम. आणि दाण्यातला स्टार्च एका वेळेस दर किलो वजनामागे एक ग्रॅमच्या आत, दिवसभरात दोन ग्रॅमच्या आत ठेवायचा. तांबड्यासाठी याचा अर्थ एका वेळेस साधारण एक किलो ओट आणि दिवसभरात दोन किलोच्या आसपास. सातूत स्टार्च ओटपेक्षा जास्त, मक्यात त्याहूनही जास्त. हा स्टार्च जठरातच आंबतो, त्यातून तयार होणारी आम्लं वरच्या अस्तरात शिरतात आणि जठररसानं सुरू केलेलं नुकसान वाढवतात. गुळाचंही तेच. प्रेमानं दिलेला खडा चालेल, रोज पाणी करून पाजू नका.

रेसच्या घोड्याला ताकदीसाठी पाच-सहा किलो दाणा घालायची पद्धत आहे. तुमचा घोडा आता रेसमध्ये नाही. उडीच्या तयारीला एवढी आग लागत नाही. पण दाणा एकदम तोडू नका, पंधरा दिवसांत हळूहळू उतरवा, आणि गवत त्याच बेतानं वाढवा. वजन घटतंय असं वाटलं तर दाण्यावर थोडं वनस्पती तेल घालून उष्मांक भरून काढता येतात. सुरुवात दोन चमच्यांपासून करा, नाहीतर लीद पातळ होईल. दर आठवड्याला फितीनं छातीचा घेर मोजून लिहून ठेवा. डोळ्यांना रोज बघितलेल्या घोड्याचं वजन कळत नाही.

मुंबईत कुरण कुठून आणायचं, हे तुम्ही विचारण्याआधीच मी स्वतःला विचारलं. इथे गवत टेम्पोनं येतं, ठाण जेमतेम घोड्यापुरतं, आणि जूनपासून हवेत इतका दमट ओलावा की गंजीच्या तळातलं गवत चार दिवसांत काळं पडतं. बुरशी धरलेलं गवत घालण्यापेक्षा कमी घाला, पण बुरशीचं घालू नका. पावसाळ्याआधी गंजी फळ्यांवर उचलून ठेवा, भिंतीपासून हातभर लांब. आणि मैदानाच्या कडेला जिथे हिरवं दिसेल तिथे रोज अर्धा तास दोरीला धरून चारा, फक्त तिथे फवारणी झालेली नाही याची खात्री करा. या अर्ध्या तासाचं मोल फार आहे. घोड्याची मान खाली जाते, श्वास लांब होतो, आणि त्या दिवशीची सगळी चिडचिड गवताबरोबर उतरते.

उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरात घोडे घामानं निथळतात, म्हणून इलेक्ट्रोलाइट (घामातून जाणारे क्षार) दिले जातात. ते द्यावेतच. पण घट्ट पेस्ट रिकाम्या पोटी पिचकारीनं वारंवार तोंडात सोडली तर अल्सर वाढतो, हे अभ्यासात दिसलं आहे. काम संपल्यावर दाण्यात कालवून द्या, आणि शेजारी साध्या पाण्याची वेगळी बादली ठेवा.

मला स्वतःला हे सगळं एका घोडीनं शिकवलं. डॉक्टरकीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका तरुण घोडीच्या जठरात मला मोठे व्रण दिसले. मी २८ दिवस औषध दिलं, पुन्हा दुर्बीण घातली, अस्तर गुलाबी आणि स्वच्छ. मालक खूश, मी खूश. तीन महिन्यांत ती पुन्हा दाणा सोडू लागली. पुन्हा तेच व्रण, त्याच जागी. तेव्हा कुठे मी तिच्या सईसाला विचारलं की रात्री ही काय खाते? तो म्हणाला, "पाचला तोबरा, मग सकाळीच." बारा तास. पहिल्याच भेटीत विचारायचा प्रश्न मी चार महिन्यांनी विचारला होता. त्या घोडीचे ते चार महिने मी अजून विसरलेले नाही.

आता औषधं. ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये असतं ते, आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल हे खरंच कामाचं औषध आहे. पण माणसांच्या कॅप्सूल फोडून देण्याचा हिशेब करून बघा. उपचाराचा डोस दिवसाला दर किलोमागे चार मिलिग्रॅम. ४५० किलोला १८०० मिलिग्रॅम, म्हणजे वीस मिलिग्रॅमच्या नव्वद कॅप्सूल, रोज. शिवाय आम्लानं हे औषध नासतं, म्हणून आतल्या दाण्यांवर संरक्षक कवच असतं. ते कुटलं की औषध जठरातच वाया जातं. घोड्यांसाठी बनवलेली पेस्ट किंवा औषधाचे बारीक दाणे डॉक्टर देतील. ते सकाळी उपाशी पोटी द्यायचे, अर्ध्या ते एका तासानं गवत, आणि त्यानंतर काम. प्रवास किंवा स्पर्धेच्या दिवसांत डॉक्टर कमी डोस प्रतिबंधासाठीही देतात. एक पथ्य पाळा. महिनाभर दिलेलं औषध एका दिवसात बंद करू नका, जठर जास्त जोमानं आम्ल सोडू लागतं. कसं उतरवायचं हे डॉक्टरांना विचारा.

सोडा मुळीच नको. त्याचा परिणाम थोड्या वेळापुरता, रक्तातलं क्षारांचं गणित बिघडतं, आणि शर्यतीआधी घोड्याला सोडा पाजणं तर रेसच्या नियमांत निषिद्ध आहे. बाजारातल्या पातळ अँटासिडचाही जोर फार तर दोनेक तास टिकतो, त्यानं व्रण भरत नाही. तुमच्या तबेल्यात पाय दुखला की ब्युट (फेनिलब्युटाझोन हे दाहशामक) देऊन टाकायची सवय असेल, तर तीही मला कळवा. दाहशामक औषधं डोसापेक्षा जास्त दिली की जठराला इजा करतात.

जठराच्या खालच्या भागातले अल्सर मात्र वेगळ्या जातीचे. त्यांच्यावर नुसतं ओमेप्राझोल बरेचदा कमी पडतं, सुक्राल्फेटसारख्या, व्रणावर लेप धरणाऱ्या औषधाची जोड लागते, आणि त्यांचं कारणही अजून पूर्ण उलगडलेलं नाही. पण आठवड्यातले पाच किंवा त्याहून जास्त दिवस काम असणाऱ्या घोड्यांत, आणि हाताळणारी माणसं सतत बदलत राहणाऱ्या घोड्यांत ते जास्त दिसतात. म्हणून सहा दिवसांचे पाच करा, जमलं तर चार. सुटीच्या दिवशी त्याला बांधून ठेवू नका, दोरीला धरून फिरवा. आणि शक्य तोवर त्याला तुम्ही किंवा बाबांनीच हाताळा. एका घोड्याला एकच सईस, ही जुनी रीत किती शहाणपणाची होती हे आता दुर्बिणीतून दिसतंय.

बाबांना हे जरूर सांगा.

प्रवासाचंही आत्ताच ठरवून ठेवा, कारण पावसाळ्यात तुम्ही त्याला पुण्याला न्यायचा विचार केलाच तर घाट चढणाऱ्या गाडीत समोर गवताची जाळी टांगलेली हवी. गाडी, नवी जागा आणि बदललेल्या वेळा एवढ्यानं पाच दिवसांतसुद्धा चांगल्या घोड्यांना व्रण पडलेले आढळले आहेत. मुंबईत आणखी दोन हंगाम असे असतात, गणपतीतले ढोल-ताशे आणि दिवाळीतले फटाके. त्या रात्री तांबड्याला तबेल्याच्या आतल्या ठाणावर घ्या, ओळखीचा घोडा शेजारी ठेवा, गवत नेहमीपेक्षा जास्त लावा, आणि दुसऱ्या पहाटेचं काम रद्द करा.

राहिली तुमच्या मालकांची काळजी. त्यांना दोन गोष्टींचा खर्च समोर ठेवून दाखवा. दुर्बिणीच्या एका तपासणीचा, आणि महिनाभर आंधळेपणानं दिलेल्या औषधाचा. बाहेरच्या लक्षणांवरून अल्सर ओळखता येत नाही. काही घोड्यांच्या जठरात मोठे व्रण असून ते हसतखेळत उडी मारतात, काही छोट्या व्रणानं हैराण होतात. तीनेक मीटरची दुर्बीण नाकातून आत घालून बघणं हाच खात्रीचा मार्ग आहे. अल्सर वरचा की खालचा हे त्यातच कळतं आणि औषध त्यावरच ठरतं. तुमच्या डॉक्टरांकडे दुर्बीण नसेल तर कुणाकडे आहे हे त्यांना माहीत असतं. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही चौकशी करा, १८८६ पासून ते जनावरांचं बघत आलं आहे.

तपासणी ठरेपर्यंत तांबड्याच्या उड्या बंद ठेवा. चाल आणि थोडी दुडकी पुरे. एक वही करा. किती गवत, किती वाजता, किती दाणा उरला, तंग बांधताना काय केलं, लीद कशी. ती वही डॉक्टरांना दाखवा, तुमच्या आठवणीपेक्षा ती जास्त कामाची ठरेल.

आणि दुर्बिणीसाठी जठर रिकामं लागतं. आदल्या संध्याकाळपासून बारा ते सोळा तास चारा बंद ठेवावा लागेल, नेमका वेळ आणि पाणी कधी काढायचं हे डॉक्टर सांगतील. भुकेला घोडा खालचं काडही चघळतो, म्हणून त्या रात्री ठाणावर काड नको, लाकडाचा भुसा अंथरा, तोही खाऊ लागला तर मुसकी बांधा. बाबांना म्हणावं, त्या एका रात्री तांबड्याजवळ येऊन बसा. तपासणी झाली, गुंगी पूर्ण उतरली, गिळणं नीट सुरू झालं की पहिली जाळी त्यांच्याच हातानं लावू द्या.